द्यायचा भाव सांगा

आंब्याच्या हंगामात माझ्या फोनवर येणाऱ्या निरोपांपैकी निम्मे तरी एकाच अर्थाचे असायचे. "द्यायचा भाव सांगा." कुणी "लास्ट प्राइस?" एवढंच लिहायचं, कुणी "ताई, फायनल काय धराल?", कुणी नुसतं "७००?". आंबा कुठला, कधी काढलेला, केवढा, यातलं काहीच नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला भाव करू द्यावा की नाही, याचं माझं उत्तर आता पक्कं आहे. पण ते सापडेपर्यंत दोन हंगाम गेले आणि त्यात एका बाईंशी मी चुकीची वागले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमची साडेतीनशे कलमं आहेत. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, चाळीसेक वर्षं मुंबईला माल पाठवला. आधी क्रॉफर्ड मार्केट, मग वाशी. एवढ्या वर्षांत आपल्या आंब्याचा भाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने एकदाही सांगितला नव्हता. पेट्या भरायच्या, ट्रकवर चढवायच्या, आणि काही दिवसांनी दलालाकडून पट्टी यायची. पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद. इतक्या पेट्या, हा भाव, त्यातून भाडं वजा, हमाली वजा, तोलाई वजा, दलाली वजा, उचल घेतली असेल तर तीही वजा, आणि शेवटच्या ओळीत उरलेला आकडा. तो आकडा बघून अण्णा पट्टी घडी करून खिशात ठेवायचे आणि पडवीत जाऊन बसायचे.

लग्नानंतर एकदा हट्टाने मी त्यांच्याबरोबर वाशीला गेले होते. गाळ्यावर आमच्या एका पेटीचं झाकण उघडलं, वरचा पेंढा बाजूला केला, खरेदीदाराने दोन फळं हातात घेऊन बघितली. मग त्याने आणि दलालाने हातात हात घेतले, वर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं दाबायला सुरुवात झाली. तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं. रुमाल तेवढा हलत होता. मिनिटभरात हात सुटले. अण्णा दोन हातांवर उभे होते. मी विचारलं, "काय ठरलं?" ते म्हणाले, "पट्टीत कळेल."

हे आधी सांगितलं, कारण पुढे गिऱ्हाइकं माझ्याशी भाव करायला लागली तेव्हा मला राग यायच्या आधी बरंच वाटलं होतं. निदान घासाघीस आमच्याशी तरी होत होती!

२०१६ साली राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, थेट विकायची वाट मोकळी झाली, पण आम्ही काही हललो नव्हतो. हललो ते २०२० च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदी, वाशीचं मार्केट कधी चालू कधी बंद, आणि झाडावर फळ तयार. हापूस थांबत नाही. चौदा आणे, म्हणजे सोळापैकी चौदा हिस्से, तयार झालं की काढायलाच हवं, आणि काढलं की पेंढ्यात आठ-दहा दिवसांत पिकतंच. माझी मावसबहीण पुण्यात कोथरूडला राहते. तिने तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तिथून शेजारच्या सोसायटीत गेलं, आणि पंधरा दिवसांत पास काढलेल्या टेम्पोने आम्ही तीन फेऱ्या केल्या. भाव एकच, ७०० रुपये डझन. एकानेही कमी करा म्हटलं नाही. लोकांना दारात आंबा मिळतोय याचंच अप्रूप होतं, आणि आम्हाला तो विकला जातोय याचं.

घासाघीस सुरू झाली २०२१ मध्ये. एव्हाना आमच्यासारखे शेकडो बागायतदार फोनवर विकायला उतरले होते, आणि बागायतदार नसलेलेही. कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून रस्त्यावर ४०० ला डझन मिळत होता. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच फळाला ते नाव लावता येतं. पण फोनच्या पडद्यावर दोन्ही पिवळेच दिसतात. मग "इथे ४०० ला मिळतो, तुमचा ८०० का?" या प्रश्नाला उत्तर देण्यात माझी संध्याकाळ जायची.

मी भाव करू द्यायचं ठरवलं. अण्णांचंही तेच मत होतं. ते म्हणाले, "घासाघीस करणारं गिऱ्हाईक पळत नाही. ज्याला घ्यायचं नसतं तो गप्प निघून जातो." बाजारात हे शंभर टक्के खरं आहे. माझी आई आठवडी बाजारात वांगी घेताना भाव करायची तेव्हा तिच्या आणि भाजीवाल्या मावशींच्या त्या चार वाक्यांत घरची चौकशी, पावसाची बातमी आणि वांग्याला कीड आहे का याची तपासणी सगळं होऊन जायचं. शेवटी आई पाठ फिरवून दोन पावलं जायची, मावशी हाक मारायच्या, आणि पिशवीत दोन मिरच्या जास्त पडायच्या. दोघी हसत असायच्या.

फोनवर पाठ फिरवता येत नाही. तिथे घासाघिशीला शेवटच नसतो, हे मला कळायला एक हंगाम लागला. "७५० होतील का?" मी लिहायचे, "७८० घ्या." मग दोन दिवस काही नाही. ते दोन दिवस तो माणूस आणखी पाच जणांना तेच विचारत असायचा, त्यात गैर काही नाही. पण इकडे मी त्याच्यासाठी दोन डझन धरून ठेवलेले असायचे. तिसऱ्या दिवशी "ओके ७६०" असा निरोप यायचा, तोपर्यंत ते फळ आढीत रंगायला लागलेलं. कुरिअरने दोन दिवस लागणार, म्हणजे पोचेपर्यंत मऊ होणार. मग ते काढून दुसरे भरायचे. भाव ठरायला जो वेळ गेला तो आंब्याच्या आयुष्यातून गेला, असं मी ह्यांना तेव्हा म्हटल्याचं आठवतं.

त्याच वर्षी १६ मे ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. सकाळी बागेत गेलो तर पायाखाली आंबेच आंबे, काही कलमं मुळापासून आडवी. पडलेलं फळ पिकत नाही, मार लागलेल्या जागेपासून आतून सडत जातं. ते कॅनिंगला किलोवर द्यायचं, मिळेल त्या भावात. त्या आठवड्यात मला निरोप येत होते, "पडलेले आंबे अर्ध्या भावात द्याल का?" काहींना खरंच मदत करायची होती, हे मला माहीत आहे. मी नाही म्हणत राहिले. एकाने फारच धरलं, "आम्ही बघून घेऊ, तुम्ही पाठवा." पाठवले. पाचव्या दिवशी काळ्या पडलेल्या आंब्यांचे फोटो आले आणि पैसे परत मागितले. मी दिले. चूक माझी होती, नाही म्हणून माहीत असताना मी हो म्हटलं होतं.

पण त्या हंगामातली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट वादळाच्या आधीची आहे.

आम्ही फळं वजनावर निवडतो. २५० ते २७५ ग्रॅमचा डझन हा आमचा मुख्य माल. पडवीत गोणपाटावर काटा ठेवलेला असतो, एका बाजूला आंब्याचा ढीग, एका बाजूला पेंढा आणि खोकी. एक एक फळ काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, देठ तपासायचा, चिकाचा डाग पुसायचा, खोक्यात ठेवायचं. त्या रात्री मी एकटीच भरत होते. ठाण्याच्या एका गृहस्थांची ऑर्डर होती. तीन दिवस भाव करून ८०० चा डझन त्यांनी ७०० ला नेला होता. मी एक फळ काट्यावर ठेवलं, २६८ आलं. उचललं आणि खोक्यात न ठेवता परत ढिगात ठेवलं. दुसरं घेतलं, २५१. ते ठेवलं. पुढचं २७१, ते परत. पुढचं २५३, ते खोक्यात. पाच-सहा फळं अशी गेल्यावर माझं मलाच लक्षात आलं की मी काय करते आहे. खोटं काहीच नव्हतं, प्रत्येक फळ २५० च्या वरच होतं. पण बारा फळांत सरासरी वीस ग्रॅम कमी म्हणजे २४० ग्रॅम. जवळजवळ एक अख्खा आंबा. त्यांनी फोनवर शंभर रुपये कमी करून घेतले होते आणि माझा हात काट्यावर ते परत घेत होता.

मी खोकं रिकामं केलं आणि हाताला येईल तसं पुन्हा भरलं. पण झोप नीट लागली नाही. त्याआधीच्या किती खोक्यांत असं झालं असेल, ते मला कधीच कळणार नाही. गिऱ्हाईक समोर असतं तेव्हा ते स्वतः फळ निवडतं, भाव केला तरी फळावर त्याचा डोळा असतो. ऑनलाइन घेणारा माणूस सगळं माझ्या हातावर सोडतो. त्याने भाव पाडून घेतला की त्याच हातावर त्याचा भरवसा असतो, आणि तो हात थोडा दुखावलेला असतो.

पुढच्या वर्षी, २०२२ ला, मी हुशारी केली. निदान तेव्हा मला ती हुशारीच वाटली. भाच्याने छोटी वेबसाइट करून दिली होती, तिच्यात "तुमचा भाव सांगा" असं बटण लावता येत होतं. गिऱ्हाइकाने आकडा टाकायचा, आपण आत एक किमान भाव ठरवून ठेवायचा, तेवढा किंवा त्याच्या वरचा आकडा आला की वेबसाइट आपोआप "मान्य" म्हणते. माणसामाणसांत वाद नाही, वाट बघणं नाही. मला मनातून डझनाला ८०० हवे होते. मी लिहिलेला भाव ठेवला ९०० आणि आतला किमान भाव ७८०. म्हणजे घासाघिशीला जागा. सगळेच असं करतात, मीही केलं.

पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. लोक ६०० टाकायचे, ६५० टाकायचे, ७०० टाकायचे, नकार, नकार, नकार, मग कुठेतरी ८०० च्या आसपास जमायचं. मग एका दुपारी बघते तर एकामागून एक सतरा ऑर्डर, सगळ्या ७८० ला. पहिल्याच प्रयत्नात. पत्ते बघितले तर कोथरूडच्या त्याच दोन सोसायट्या. मावसबहिणीला फोन केला तेव्हा तिने हसत सांगितलं, ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, "७८० टाका, घेतं."

त्यातही मला राग आला नाही. लोकांनी शोधून काढलं, शोधून काढणारच. मी एवढंच म्हटलं की ठीक आहे, सरासरी ८०० पडतेय ना. आणि माझी खरी चूक या "सरासरी"मध्ये होती. काही जणांनी ७८० दिले आणि तरी सरासरी ८०० पडते, याचा अर्थ कुणीतरी ९०० देत होतं. ते कोण होते, हे मी बघितलंच नव्हतं.

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी फोन वाजला. एक बाई बोलत होत्या, आवाजावरून सत्तरीच्या पुढच्या. २०२० पासूनच्या गिऱ्हाईक. त्यांच्या घरी अक्षय्य तृतीयेला पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी आंबा खात नाही, म्हणून दर वर्षी त्या बरोबर त्या हिशोबाने तीन डझन मागवायच्या. बटण वगैरे त्यांनी दाबलं नव्हतं. नेहमीप्रमाणे मला निरोप पाठवला होता, "तीन डझन पाठवावेत. २७०० रुपये पाठवले आहेत. आंबे गोड निघोत." त्यांच्या शेजारणीनेही तीनच डझन घेतले होते. दोन्ही खोकी एकाच टेम्पोने एकाच जिन्यात पोचली. शेजारणीने दिले होते २३४०.

त्या चिडल्या नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "आंबे उत्तम आहेत. मला फक्त विचारायचं होतं, मी तुम्हाला काही कमी करा म्हटलं नाही, ते माझं चुकलं का?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी म्हटलं, "काकू, मी ३६० रुपये लगेच परत पाठवते." त्या म्हणाल्या, "ते राहू देत. पुढच्या वर्षी मी विचारायचं की नाही, तेवढं सांगून ठेवा."

फोन ठेवल्यावर मी त्या हंगामाच्या सगळ्या ऑर्डरी वहीत उतरवून काढल्या. पूर्ण ९०० देणारे कोण, हे नावं बघितल्याबरोबर कळत होतं. वयस्कर माणसं. २०२० पासून जोडलेली जुनी गिऱ्हाइकं, ज्यांना मला भाव विचारणं म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवणं वाटत होतं. आजारी माणसासाठी घाईने मागवणारी एक मुलगी. आणि ज्यांना मागायला संकोच वाटतो असे लोक. ज्यांनी माझ्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकला त्यांच्याकडून मी सर्वांत जास्त पैसे घेतले होते. ८०० च्या आंब्यावर ९०० लिहिलं त्याच क्षणी हे ठरलं होतं, बटणाचा दोष नव्हता. घासाघीस करू द्यायची म्हणजे भाव वाढवून लिहायलाच लागतो, आणि तो वाढवलेला भाव जो घासाघीस करत नाही तोच भरतो.

काकूंना ३६० रुपये मी पाठवलेच. बाकीच्यांना काय सांगणार, कसं सांगणार, यात मे संपला. शेवटी जूनमध्ये पूर्ण भाव दिलेल्या प्रत्येकाला मी फोन केला. काहींना डझनामागचे शंभर परत हवे होते, बहुतेकांनी पुढच्या वर्षीच्या खात्यात धरा म्हटलं. एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे खरा भाव काय होता?" मी म्हटलं, "८००." ते म्हणाले, "मग ८०० च लिहायचं की." एवढं सोपं होतं.

२०२३ पासून आम्ही घासाघीस बंद केली. पण नुसती बंद करून भागलं नसतं, आणि हे मला त्या दोन वर्षांच्या निरोपांनीच शिकवलं. त्याआधीच्या पावसाळ्यात बसून मी जुने निरोप परत वाचले. "द्यायचा भाव सांगा" म्हणणाऱ्यांत दोन जातीची माणसं होती. एक ज्यांना भाव पाडून घेण्यात समाधान आहे. आणि दुसरी, जी संख्येने जास्त होती, त्यांचं बोलणं नीट वाचलं तर वेगळंच होतं. "माझ्याकडे हजारच आहेत, दोन डझन बसतील का?" "मुलांना खायचेत, मोठेच पाहिजेत असं नाही." ते माझ्या आंब्याची किंमत पाडतच नव्हते. त्यांना परवडेल असा आंबा माझ्या यादीतच नव्हता! आमच्याकडे २०० ग्रॅमचं फळ ढिगाने निघतं, चवीला तेच, उलट कधी कधी जास्त गोड. ते आम्ही वाशीला पाठवून देत होतो, कारण ऑनलाइन मोठंच फळ विकायचं असं मीच डोक्यात घेतलं होतं. सालीवर डाग असलेलं, आतून स्वच्छ फळही तसंच.

मग यादी केली. डागी फळ ४०० रुपये डझन. २०० ते २२५ ग्रॅम ५५०. त्यावरचं २५० पर्यंत ६५०. २५० ते २७५ ला ८००. त्याच्या वरचं ९५०. अर्ध्या डझनाचं खोकंही ठेवलं. आंब्याचा भाव हंगामात उतरतच जातो, मार्चअखेर चढा, मेच्या मध्यानंतर खाली, म्हणून दर रविवारी संध्याकाळी नवीन यादी सगळ्यांना एकदम जाते. आणि ज्याने आधीच्या भावाने पैसे भरलेत पण माल निघालेला नाही, त्याचा फरक आम्ही न मागता परत करतो. या शेवटच्या कलमावर ह्यांचा आणि माझा चांगला वाद झाला. ह्यांचं म्हणणं, भाव चढला तर आपण मागतो का जास्तीचे? नाही ना? मी म्हटलं, चढला तर तो आपला धोका. काकूंचा फोन मी घेतला होता, ह्यांनी नाही.

पहिला महिना कठीण गेला, ते लपवत नाही. "काही कमी?" या निरोपाला मी उत्तर द्यायचे, "भाव सगळ्यांना एकच आहे, यादी पाठवते, तुमच्या हिशोबात बसेल ते फळ निवडा." पुष्कळ जण गेले. दोन सोसायट्यांच्या मोठ्या ऑर्डरी गेल्या, त्यांना डझनामागे पन्नास कमी करणारा दुसरा मिळाला. एकाने लिहिलं, "एवढा ताठा बरा नव्हे." ते वाचून रात्रभर वाईट वाटलं. अण्णा मात्र या वेळी काही बोलले नाहीत. एकदा फक्त पडवीत येऊन यादीचा कागद हातात घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हा भाव आपण लिहिला?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद परत भिंतीला लावला.

एप्रिलच्या मध्यापर्यंत २०० ग्रॅमचा माल संपायला लागला. ज्यांच्याशी मी दोन वर्षं ७५०-७८० करत बसले होते, ती बरीच माणसं ५५० चा डझन एका निरोपात घेत होती. संध्याकाळी सातनंतर माझा फोन शांत असायला लागला. उद्या किती डझन जाणार हे आदल्या रात्री नक्की कळू लागलं, त्यामुळे गड्यांना तेवढीच फळं घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढायला सांगता येऊ लागलं. आढीत धरून ठेवलेला माल वाया जायचं जवळजवळ थांबलं. साका, म्हणजे वरून चांगलं पण आतून खराब फळ, निघाला तर फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत, हा नियम आधीही होता. पूर्वी तिथे घासाघिशीची दुसरी फेरी व्हायची. पेटी दारात आल्यावर "दोन डागी वाटतात, दोनशे कमी करा" असं. ते आता क्वचित होतं. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित भाव खरा आहे असं वाटलं की फळही खरं वाटत असेल.

घासाघीस सगळीकडेच बंद करावी असं मात्र मी म्हणणार नाही. माझा भाऊ जुन्या सायकली दुरुस्त करून ऑनलाइन विकतो. त्याची प्रत्येक सायकल एकुलती एक. कुणाची साखळी नवी, कुणाचं चाक थोडं वाकडं. तिचा भाव आधीपासून कुठे लिहिलेला नसतो, दोघांनी बोलूनच तो ठरतो, आणि एक सायकल एकालाच जाते, त्यामुळे शेजारच्याला वेगळा भाव पडला असं होत नाही. तिथे भाव करू न देणं हाच हेकटपणा होईल. आमच्याकडेही लग्नाच्या किंवा कंपनीच्या ऑर्डरी येतात, चाळीस-पन्नास पेट्या एकाच पत्त्यावर. त्यांच्याशी आम्ही बसून बोलतो, कारण एका खेपेत माल गेला की भाडं खरंच वाचतं, आणि वाचलेल्यातलं त्यांना देता येतं. एकाच मालाची शेकडो खोकी शेकडो अनोळखी माणसांना, एकमेकांना न दिसता विकायची असतील, तिथे माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

एक गोष्ट राहिली होती, आणि ती अण्णांनी भरून काढली. २०२४ च्या हंगामात एका रात्री आम्ही दोघं भरत होतो. डझन मोजून झाला, मी पेंढा पसरणार एवढ्यात त्यांनी ढिगातून एक लहानसं फळ उचललं आणि वर ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, तेरा झाले." ते म्हणाले, "फाव." त्यांच्या लहानपणी आंबे शेकड्यावर विकले जायचे तेव्हा शंभरावर काही फळं जास्तीची द्यायची रीत होती, त्याला फाव म्हणत. मागायला लागत नसे. ज्याने भाव केला त्यालाही आणि ज्याने केला नाही त्यालाही मिळायचा. वाशीला पेट्या जायला लागल्यापासून ते बंद पडलं, कारण द्यायला समोर कुणी नव्हतं.

माझ्या डोक्यात लगेच हिशोब सुरू झाला, रोजची पन्नास खोकी, म्हणजे रोज पन्नास फळं. पण लहान फळ, तेही यादीतल्या खालच्या भावाचं, आणि खोक्यात जागा असतेच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रत्येक डझनावर एक फाव ठेवायला लागलो. वेबसाइटवर त्याबद्दल काही लिहिलं नाही.

काकूंचा निरोप अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आला. "३९ आंबे निघाले. तीन जास्त आले आहेत, त्याचे किती पाठवू?" मी लिहिलं, "ते फाव आहेत काकू." बराच वेळ काही उत्तर नाही. मग आलं, "हा शब्द माझे वडील वापरायचे. शेजारीही विचारून आले. त्यांनाही तीनच आलेत."

अण्णांना वाचून दाखवलं. ते काट्यावर फळ ठेवत होते, २६२ आलं. त्यांनी देठ बघितला, अंगठ्याने चीक पुसला आणि ते खोक्यात ठेवलं.